टीबी बरा झाला, मग खोकल्यातून रक्त का?

सहा महिने गोळ्या घेतल्या. थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, दवाखान्यातल्या कार्डावर 'उपचार पूर्ण' असे लिहून मिळाले, घरात शुक्राना झाला. वर्ष-दीड वर्ष बरे जाते आणि मग पुन्हा खोकला लागतो. वजन उतरू लागते, जेवणाची इच्छा होत नाही, जिना चढताना धाप लागते. मग एखाद्या सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसते आणि घरातले सगळे एकच वाक्य बोलतात: टीबी परत आला.

डॉक्टरांच्या मनातही पहिल्यांदा हेच येते आणि त्यात वावगे काही नाही. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांपैकी एक आपल्या देशात आहे, आणि टीबी उलटतोही. अडचण पुढे सुरू होते. थुंकी तपासली तर जंतू सापडत नाहीत. एक्स-रेमध्ये मात्र डाग असतोच, कारण जुन्या टीबीचा व्रण कुठे जाणार? मग 'जंतू सापडले नसले तरी टीबीच असेल' असे म्हणून पुन्हा सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. काहींचे तर असे दोन-तीन कोर्स होतात. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळतो, मुलीचे लग्न पुढे ढकलले जाते, शेजारीपाजारी कप-बशी वेगळी ठेवू लागतात. आणि तब्येत काही सुधारत नाही.

यातल्या काही रुग्णांना टीबी नसतोच. टीबीने फुप्फुसात जी पोकळी करून ठेवली, तिच्यात बुरशीने घर केलेले असते. तिचे नाव अ‍ॅस्परजिलस, आणि तिच्यामुळे होणाऱ्या आजाराला डॉक्टर 'क्रॉनिक पल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस' म्हणतात. आपण त्याला फुप्फुसातली जुनाट बुरशी म्हणू. टीबीच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही. तिचे औषध वेगळे, तिची तपासणीही वेगळी. ती ओळखायला सगळ्यात उपयोगी पडते ती रक्ताची एक तपासणी: अ‍ॅस्परजिलस आयजीजी अँटीबॉडी. ही तपासणी कधी करावी, तिच्यावर किती भरवसा ठेवावा आणि बुरशीच्या कोणत्या आजारात तिच्या नादी लागून वेळ घालवू नये, हे घरातल्या माणसांना माहीत असलेले बरे. कारण पुष्कळदा हा प्रश्न डॉक्टरांसमोर नातेवाइकांनाच काढावा लागतो.

भाकरीवरची बुरशी फुप्फुसात

दमट भिंतीवर, शिळ्या भाकरीवर, कुजलेल्या पाल्यात, भिजलेल्या कडब्यात जी हिरवट-काळपट बुरशी धरते, त्याच कुटुंबातली ही. १७२९ साली फ्लॉरेन्सच्या पिएर अंतोनियो मिकेली या पाद्री वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या साधनासारखा तिचा आकार दिसला म्हणून त्याने त्यावरूनच तिला नाव दिले. तिचे बीजाणू, म्हणजे बियांसारखे कण, दोन-तीन मायक्रॉनचे असतात. डोळ्याला न दिसणारे हे कण हवेत सगळीकडे असतात. तुम्ही हे वाचत असतानाही काही आत गेले असतील. निरोगी फुप्फुस त्यांचा निकाल लावते, आपल्याला पत्ताही लागत नाही.

टीबीने पोखरलेल्या पोकळीत मात्र ही सफाई नीट होत नाही. तिथे हवा आहे, ओल आहे, पण संरक्षण करणाऱ्या पेशी पोहोचत नाहीत. बुरशी भिंतीला धरते, वाढते, आणि कधी कधी तिचा गोळाच बनतो. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'फंगल बॉल' किंवा 'अ‍ॅस्परजिलोमा' असे शब्द दिसतात ते याचेच. पोकळीची भिंत जाड होत जाते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि फुटल्या की खोकल्यातून रक्त येते. ताप फारसा नसतो. आजार महिनोन्महिने हळूहळू माणसाला आतून सुकवत राहतो, म्हणूनच तो टीबीसारखा वाटतो.

हा प्रकार दुर्मिळ आहे असे समजू नका. टीबी बरा झालेल्या पण अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी मागे राहिलेल्या ५४४ रुग्णांचा अभ्यास ब्रिटनमध्ये १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी चौथा हिस्सा लोकांच्या रक्तात अ‍ॅस्परजिलसविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या होत्या. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अंदाज आला: टीबीनंतर हा आजार जडलेले लोक जगभरात सुमारे १२ लाख. ज्या देशात टीबी जास्त, तिथे हाही जास्त. भिवंडी, मालेगाव किंवा गोवंडीच्या गल्ल्यांत टीबी होऊन गेलेला माणूस शोधायला फार चालावे लागत नाही. अशा वस्त्यांत या बुरशीचे नाव मात्र कुणाच्या तोंडी नसते.

रक्तात नेमके काय शोधतात

अँटीबॉडी हा शब्द कोविडने घरोघरी पोचवला. बाहेरचा जंतू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध जी खास प्रथिने तयार करते, त्या अँटीबॉडी. सुरुवातीला आयजीएम नावाची बनते, मग काही आठवड्यांत आयजीजी. आयजीजी टिकून राहते आणि शत्रू आत ठाण मांडून बसला असेल तर तिची पातळी वाढत जाते. अ‍ॅस्परजिलस आयजीजीच्या तपासणीत या बुरशीविरुद्ध बनलेली आयजीजी किती आहे ते मोजतात. म्हणजे इथे चोर पकडत नाहीत, चौकीवर चोराविरुद्ध किती तक्रारी नोंदल्या आहेत ते पाहतात. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे सोपे जाते.

पूर्वी काचेवर जेलीचा थर देऊन त्यात एका बाजूला बुरशीचा अर्क आणि दुसऱ्या बाजूला रुग्णाचे रक्तद्रव ठेवत. दोघांची गाठ पडून पांढरी रेघ उमटली की तपासणी पॉझिटिव्ह. वरच्या ब्रिटिश अभ्यासात हीच पद्धत होती. आता एलायझा किंवा तत्सम यंत्रावर नेमका आकडा मिळतो. गरोदरपणाच्या तपासणीसारखी पट्टीही निघाली आहे, ती अर्ध्या तासाच्या आत उत्तर देते. रक्त हाताच्या शिरेतून नेहमीसारखे घेतात आणि त्यासाठी उपाशीपोटी जावे लागत नाही.

या आकड्याचा एक पेच आहे. बुरशीचे कण सगळेच श्वासातून घेतात, म्हणून थोडी आयजीजी धडधाकट माणसातही सापडते. प्रश्न असतो ती किती आहे याचा. सीमारेषा कुठे धरायची हे यंत्र, किट आणि देशाप्रमाणे बदलते. एका नावाजलेल्या पद्धतीत ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा बरीच वर्षे ४० ही सीमा धरत आल्या, तर चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या रुग्णांवर अभ्यास करून त्याच पद्धतीसाठी २७ च्या आसपासची सीमा सुचवली. म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहू नका. मुंबईत एक आणि गावी दुसरी अशा दोन ठिकाणी तपासणी करून 'कमी झाली', 'वाढली' म्हणण्यात काही अर्थ नाही.

इथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. टीबीसाठी रक्ताची अँटीबॉडी तपासणी करू नये असे तर सरकारनेच सांगितले आहे ना? बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये त्या तपासण्यांविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला आणि जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या किटची आयात, निर्मिती आणि विक्री बंद केली. त्याआधी खासगी लॅबमध्ये त्या सर्रास होत. टीबी नसलेल्यांना टीबी आणि असलेल्यांना नाही, असे रिपोर्ट त्यांतून निघत. मग बुरशीचीच अँटीबॉडी चालते ती कशी? फरक तपासणीच्या पद्धतीत नाही, आजाराच्या स्वभावात आहे. टीबीच्या जंतूविरुद्ध शरीराचा प्रतिसाद माणसागणिक फार वेगळा असतो. कुणात आजार असूनही अँटीबॉडी कमी, कुणात आजार नसूनही जास्त. जुनाट बुरशीत मात्र पोकळीत महिनोन्महिने बसलेल्या शत्रूविरुद्ध शरीर जवळजवळ नेहमीच भरपूर आयजीजी बनवते. विषमज्वरासाठी गल्लोगल्ली होणारी विडाल तपासणीही अँटीबॉडीचीच. ती एकदाच करून किती जणांना फुकट अँटिबायोटिक दिले जाते, हे वेगळे सांगायला नको. तपासणी चांगली की वाईट हे ती कोणत्या आजारात, कोणत्या रुग्णात वापरली यावर ठरते.

नुसत्या आकड्यावर निदान नाही

जुनाट बुरशीचे निदान करताना डॉक्टर काही गोष्टी एकत्र पाहतात. त्रास किमान तीन महिन्यांचा हवा. सीटी स्कॅनमध्ये पोकळी, जाड झालेली भिंत, आतला गोळा किंवा आधीच्या स्कॅनपेक्षा वाढलेला बिघाड दिसायला हवा. आयजीजी वाढलेली किंवा बुरशीचा दुसरा ठोस पुरावा हवा. आणि टीबी, कर्करोग वगैरे दुसरे कारण नाही याची खात्री हवी. सीटी साफ आहे, माणूस ठणठणीत आहे आणि आयजीजी थोडी वाढलेली आहे, अशा वेळी औषध सुरू करणे चूक. अंग दुखते, थकवा येतो म्हणून 'फंगल पॅनेल' करून घेण्याची जाहिरात दिसली तर पान उलटावे.

उलट बाजूही आहे. हा आजार असलेल्या साधारण दहा जणांपैकी एकाची आयजीजी निगेटिव्ह येऊ शकते. बहुतेक किट अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या जातीवर बेतलेली असतात. आपल्याकडे फ्लेव्हस नावाची तिची बहीणही बरीच आढळते, ती अशा किटमधून निसटू शकते. म्हणून सीटी बोलका असेल आणि रक्त येत असेल, तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर फाईल बंद होत नाही. थुंकी बुरशीच्या कल्चरला पाठवता येते, दुर्बिणीने फुप्फुसातून पाणी काढून तपासता येते.

टीबी नाही याची खात्री कशी करायची? थुंकीच्या सीबीनॅट किंवा ट्रुनॅट तपासणीने. यातले ट्रुनॅट यंत्र गोव्याच्या कंपनीने बनवलेले, आता जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलेले. पण यातही मेख आहे. टीबीचा कोर्स नुकताच संपला असेल तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही या यंत्रांना सापडतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. अशा वेळी थुंकीचे कल्चर लागते. ते जिवंत जंतूच वाढवून दाखवते, पण त्याला आठवडे लागतात. आणि कधी कधी टीबी आणि बुरशी दोन्ही एकाच वेळी असतात, हेही विसरता येत नाही.

आणखी एक घोटाळा चिठ्ठीवरच्या एका अक्षराचा. आयजीजी आणि आयजीई. दम्याच्या रुग्णांना अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी होऊन एक वेगळा आजार होतो. त्यात खोकल्यातून तपकिरी, चिकट गोळे पडतात आणि एरवीच्या औषधांनी दमा आटोक्यात राहत नाही. तो ओळखायला अ‍ॅस्परजिलस आयजीई आणि रक्तातली एकूण आयजीई पाहतात. नाव सारखे असल्यामुळे लॅबच्या काउंटरवर चुकीची तपासणी नोंदली जाऊ शकते. पैसे भरण्याआधी चिठ्ठी आणि पावती दोन्ही एकदा डोळ्यांखालून घाला.

जिथे अँटीबॉडीची वाट पाहायची नाही

आता चौकीवरच्या तक्रारीची गोष्ट पुन्हा आठवा. तक्रार नोंदवायला रखवालदार जागा हवा. रक्ताच्या कर्करोगावर केमो चालू असलेले मूल, किडनी बदललेला माणूस, मोठ्या डोसमध्ये स्टेरॉइड घेणारा रुग्ण, यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते. याच रुग्णांत बुरशी सगळ्यात वेगाने पसरते; फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत शिरते आणि काही दिवसांत जीव घेऊ शकते. आणि याच रुग्णांचे शरीर अँटीबॉडी पुरेशा बनवू शकत नाही. बनवल्या तरी त्या वेळेत बनत नाहीत. म्हणून इथे आयजीजी निगेटिव्ह आली म्हणजे बुरशी नाही, असे कुणी समजले तर तो घातक गैरसमज ठरेल.

अशा वेळी डॉक्टर चोराच्या पाऊलखुणाच शोधतात. अ‍ॅस्परजिलसच्या भिंतीतून सुटणारी गॅलॅक्टोमॅनन नावाची साखर रक्तात किंवा फुप्फुसातल्या पाण्यात मोजतात. बऱ्याच बुरशींच्या भिंतीत असणारे बीटा-डी-ग्लुकन मोजतात. सोबत तातडीचा सीटी, आणि संशय दाट असेल तर रिपोर्ट हातात येण्याआधीच औषध. टाटा रुग्णालयात मुलाची केमो चालू आहे, ताप उतरत नाही आणि डॉक्टर रातोरात बुरशीचे सलाईन लावतात, तेव्हा 'रिपोर्ट तरी येऊ द्या' म्हणून अडून बसू नये. त्या घाईमागे हे कारण असते.

२०२१ मधली काळी बुरशी कुणी विसरलेले नसेल. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, अनियंत्रित साखर आणि बेसुमार स्टेरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस आला. जूनच्या अखेरीपर्यंत देशात ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि महाराष्ट्र व गुजरात त्यात पुढे होते. कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. या बुरशीसाठी रोजच्या वापरात रक्ताची अँटीबॉडी तपासणी नाही. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन या दोन्ही तपासण्यांतही ती सापडत नाही, कारण तिची घडणच वेगळी. तिथे नाकातला किंवा टाळूवरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच मार्ग, आणि तोही त्याच दिवशी. मधुमेह असलेल्या माणसाचा एका बाजूचा चेहरा सुजला, नाकातून काळा स्राव आला, डोळ्याला दुहेरी दिसू लागले, तर लॅब नव्हे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे मोठे रुग्णालय गाठायचे.

एचआयव्हीबाधितांत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणाला सूज आणते. तिथेही अँटीबॉडी कामाची नाही. बुरशीचा अंशच रक्तात शोधणारी पट्टी आहे, आणि ती डोकेदुखी सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी धोका दाखवू शकते. सीडी-फोर पेशी १०० च्या खाली गेल्या असतील तर ही तपासणी झाली आहे का, हे विचारावे. कँडिडाची तऱ्हा निराळीच. ती निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यात राहतेच, त्यामुळे तिच्या अँटीबॉडी असण्यावरून फारसे काही कळत नाही.

मग पसरणाऱ्या बुरशीत अँटीबॉडी कुठेच उपयोगाची नाही का? आहे, पण त्यासाठी सातासमुद्रापार जावे लागते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी राहते. तिच्या आजाराला तिकडे 'व्हॅली फीव्हर' म्हणतात. स्टॅनफर्डचे डॉ. चार्ल्स स्मिथ यांनी १९३० आणि ४० च्या दशकांत सान वाकीन खोऱ्यात हजारो लोकांचे रक्त तपासून दाखवले की, अँटीबॉडीची पातळी चढत गेली तर आजार फुप्फुसाबाहेर पसरतो आहे, आणि उतरली तर माणूस बरा होतो आहे. आजही त्या आजाराचे निदान मुख्यतः अँटीबॉडीवरच होते. आपली मुले-सुना फिनिक्सला नोकरीला आहेत, तिथून सुटीवर आल्यावर न्यूमोनिया झाला आणि अँटिबायोटिकने हटत नाही, तर इथल्या डॉक्टरांना प्रवासाची माहिती आवर्जून द्या. त्याशिवाय हा आजार त्यांच्या डोक्यात येणार नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर

पुन्हा आपल्या मूळ रुग्णाकडे येऊ. सीटी, आयजीजी आणि लक्षणे जुळली, टीबी नाही हे ठरले, तर बहुतेकदा इट्राकोनॅझोल सुरू होते. किती दिवस? चंडीगडच्या पीजीआयमध्ये १६४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा आजार दोन वर्षांत उलटला. बारा महिने घेतलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. म्हणजे तीन महिन्यांनी भूक लागली, वजन दोन किलो वाढले, म्हणून गोळ्या बंद करणे महागात पडते. मँचेस्टरच्या राष्ट्रीय केंद्रात उपचार घेतलेल्यांपैकीही पाच वर्षांनी ६२ टक्केच हयात होते. एवढ्यावरून हा आजार हलक्यात घेण्यासारखा नाही हे कळावे.

टीबी आणि बुरशीच्या औषधांचे एकमेकांशी हाडवैर आहे. टीबीची रिफॅम्पिसिन, म्हणजे लघवी तांबडी करणारी गोळी, इट्राकोनॅझोल शरीरातून इतक्या वेगाने बाहेर काढते की रक्तात ते जवळजवळ उरतच नाही. गोळी थांबवल्यानंतरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे राहतो. 'दोन्ही चालू ठेवू, काहीतरी लागू पडेल' हा घरगुती हिशेब इथे चालत नाही. टीबीचे औषध एका दवाखान्यातून आणि बुरशीचे दुसऱ्याकडून चालू असेल, तर दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते. पोटातल्या आम्लामुळे ती नीट शोषली जाते. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या सोबत घेतल्या की अर्धे औषध वाया गेलेच समजा. रमजानमध्ये दिवसातून दोन वेळांचा डोस सहरी आणि इफ्तारच्या जेवणाशी जुळतो, पण वजन घटलेल्या, रक्त पडणाऱ्या माणसाने रोजे ठेवावेत की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पायांवर सूज आली, धाप वाढली, पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर लगेच सांगावे. हृदय कमजोर असलेल्यांना हे औषध जपून देतात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि दम्याचे काही पंप यांच्याशी त्याचे पटत नाही, म्हणून चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. औषध सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातली त्याची पातळी मोजता येते. जिथे ही सोय आहे तिथे करून घ्यावी.

एका जागीच गोळा असेल आणि बाकी फुप्फुस चांगले असेल तर ऑपरेशनने तो काढता येतो. रक्त वारंवार पडत असेल तर मांडीच्या किंवा मनगटाच्या शिरेतून नळी घालून फुगलेली रक्तवाहिनी बंद करतात. घरात अचानक जास्त रक्त पडू लागले तर रुग्णाला ज्या बाजूला रोग आहे त्याच कुशीवर झोपवा, म्हणजे चांगल्या फुप्फुसात रक्त उतरणार नाही, आणि रुग्णवाहिका बोलवा. त्या वेळी काढा, हळद, मध यांत वेळ घालवू नका.

खर्चाचेही बोलायला हवे. आयजीजीची तपासणी सगळ्या सरकारी दवाखान्यांत होत नाही. खासगीत ती स्वस्त नाही, आणि वर्षभराच्या गोळ्या तर त्याहून जड. आपल्या जमातींचे बैतुलमाल ऑपरेशन म्हटले की पैसे काढतात, दर महिन्याच्या गोळ्यांसाठी मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरे तर या आजारात नियमित गोळ्यांनीच अनेकांचे ऑपरेशन टळते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे आधी चौकशी करावी, आणि जमातीकडे अर्ज करताना वर्षाचा हिशेब एकदम मांडावा.

घरात बेसिनखालची, मोरीजवळची ओल काढून टाका. बुरसटलेला कडबा आणि पेंढा झाडणे, खताचा ढीग उपसणे ही कामे रुग्णाने करू नयेत. बकरी ईदच्या आधी दारात बकरे येतात, त्यांच्या चाऱ्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणी पाहावे. टीबी नसलेली ही बुरशी एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. अब्बांची कप-बशी वेगळी ठेवायची गरज नाही, नातवंडांना त्यांच्याजवळून उठवायचीही नाही.

आणि औषध चालू असताना दर महिन्याला आयजीजी करून घेऊ नका. ती फार सावकाश उतरते, काहींची बरे वाटू लागल्यावरही वाढलेलीच राहते. डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण काही महिन्यांच्या अंतराने, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करायची. दरम्यान एका वहीत दर जुम्याला वजन लिहा, खोकला किती, रक्त पडले का, जिना न थांबता चढता आला का, एवढे टिपा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना टीबीच्या काळातला पहिला एक्स-रे शोधून सोबत न्या. तो माळ्यावरच्या ट्रंकेत असेल.